लाल्याच्या रंगाची वेबसाइट

मेहकरात माझं दुकान होतं तेव्हा त्याच्या पाटीवर बरंच काही लिहिलेलं होतं. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. पाटी रंगवणारा माझा शाळेपासूनचा दोस्त. एवढं सगळं लिहून झाल्यावर तो शिडीवरूनच ओरडला, "खाली जागा उरून राह्यली बे. काय लिहू?"

मी चहा पीत होतो. म्हटलं, "लिही वेबसाइट."

"येते का तुले?"

"पाटी तं लाव. येईन हळूहळू."

अशी माझी त्या धंद्यात सुरुवात झाली. लोक आधी कला शिकतात आणि मग पाटी लावतात. आमच्याकडे पाटी आधी लागली, आणि तिच्या भीतीने मी कला शिकायला बसलो.

माझी खरी कला एकच, टायपिंग. ती मात्र होती. कोर्टाजवळच्या एका वकीलसाहेबांकडे मी काही काळ प्रतिज्ञापत्रं टाइप करत असे. ते बोलत आणि माझी बोटं धावत. अर्थाशी माझा काही संबंध नसायचा. जे कानावर पडेल ते बोटांतून खाली उतरायचं. एकदा एका वाटणीच्या प्रतिज्ञापत्रात, 'सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क राहणार नाही' याच्या पुढे 'थांब, जरा थुंकून येतो' असं उमटलं. वकीलसाहेबांनी न वाचता सही केली, पक्षकाराने न वाचता अंगठा दिला. दुसऱ्या बाजूच्या वकिलाने मात्र वाचलं. त्यानंतर मी स्वतःचं दुकान टाकलं. टाकलं म्हणजे, टाकावं लागलं.

दोस्ताचीही कथा तशीच. त्याचे अब्बा जिल्ह्यातले नावाजलेले पेंटर. बीटी बियाणं नवंनवं आलं तेव्हा चिखलीपासून दुसरबीडपर्यंत रस्त्याकडेच्या भिंतींवर कापसाच्या ज्या जाहिराती दिसायच्या, त्यातल्या अर्ध्या त्यांच्या हातच्या आणि उरलेल्या अर्ध्या या पोराच्या. हिरवीगार पऱ्हाटी, वाटीएवढी बोंडं, आणि बाजूला तोंड वाकडं करून मेलेली अळी. पुढे कंपन्या छापील फ्लेक्स पाठवू लागल्या आणि भिंतींची कामं बसली. अब्बा म्हणाले, "बेटा, अब दीवार का जमाना गया." मग दोस्त माझ्या दुकानात येऊन कॉम्प्युटरवर फ्लेक्स बनवायला शिकला. दुकानात दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीत एक निकामी टायपिस्ट बसायचा आणि दुसरीत एक निकामी पेंटर. याला आम्ही 'डिझाइन स्टुडिओ' म्हणायचो.

कृषी विद्यापीठाचं एक उपकेंद्र आमच्या बाजूला होतं. तिथले वनस्पती रोगशास्त्राचे विभागप्रमुख सर एक दिवस झेरॉक्सला आले. गर्दी होती, म्हणून बाहेर उभं राहून त्यांनी पाटी अगदी खालपर्यंत वाचली. पाटी खालपर्यंत वाचणारा तो पहिलाच माणूस.

"वेबसाइट करतोस?"

"करतो सर."

"किती केल्यास आतापर्यंत?"

"मोजल्या नाहीत सर."

हे खरंच होतं. मोजायला काही नव्हतं.

वरून आदेश आला होता की प्रत्येक विभागाने आपली वेबसाइट करावी. सगळ्यांनी एकच साचा वापरायचा की वेगवेगळा, हे आदेशात नव्हतं, आणि जे आदेशात नसतं त्यावरून आपल्याकडे चढाओढ लागते. सरांनी विचारलं, "थीम थीम म्हणतात ते काय असतं?" मला माझ्या धंद्यातलंच उदाहरण सुचलं. म्हटलं, "सर, लग्नपत्रिकेसारखं समजा. नवरा-नवरी बदलतात, मुहूर्त बदलतो. पण वरचा गणपती, बाजूची वेलबुट्टी, कुठलं अक्षर केवढं, हे आधी ठरलेलं असतं. त्या ठरलेल्याला थीम म्हणतात. मजकूर तुम्ही द्यायचा, पेहराव आम्ही चढवायचा."

सरांना ते पटलं. फक्त म्हणाले, "गणपती नको. विज्ञानाची संस्था आहे."

बातमी पसरली आणि बाकीचे विभागही आले. ते दिवस आठवले की मला अजून एकटंच हसू येतं. मृदाशास्त्रवाले वर्तमानपत्रात मातीचं ढेकूळ बांधून घेऊन आले आणि म्हणाले, "पानाचा रंग असा पाहिजे." मी ते ढेकूळ मॉनिटरजवळ धरून रंग जुळवत बसलो. की-बोर्डात माती गेली आणि 'क' बसला. पुढचा आठवडा मी 'क' टाळून पत्रिका छापल्या. फळशास्त्रवाल्यांना वरून संत्री पडताना हवी होती. पडवली. तर म्हणाले, "पडलेल्या संत्र्याला भाव नसतो, झाडावरच राहू द्या." पशुसंवर्धनवाल्यांना शेपटी हलवणारी गाय पाहिजे होती. दोस्ताने ती इतकी मन लावून केली की पान उघडायला वेळ लागला तर आधी नुसती शेपटीच यायची आणि बराच वेळ हलत राहायची, गाय मागाहून. सांख्यिकीवाल्यांना काहीच नको होतं, फक्त किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा. तो लावल्यावर सगळ्या विभागांचे शिपाई दिवसभर आपापली वेबसाइट उघडझाप करत बसलेले असत, आकडा वाढवायला.

आणि रोगशास्त्र विभागात मॅडम होत्या.

मॅडम करारावर. मूळच्या पिंपळगाव राजाच्या. घरची कोरडवाहू कपाशी, वडिलांना दम्याचा त्रास, धाकटा भाऊ शिकत असलेला. दरवर्षी करार संपायचा, दरवर्षी नवा आदेश निघेपर्यंत त्या बाई जीव मुठीत धरून राहायच्या. त्या काळी आमच्याकडे कापसाने एवढी माणसं थकवली होती की ज्या घरात महिन्याचा पगार येतो, त्या घराकडे लोक विहीर असलेल्या वावराकडे पाहावं तसं पाहायचे. मॅडमचा पगार म्हणजे त्यांच्या घरची विहीर होती. आणि ती दरवर्षी आटायच्या बेतात यायची.

त्या वर्षी एक पाहणी समिती येणार होती. सरांनी मला आणि मॅडमला समोरासमोर बसवून सांगितलं, "समितीला आपण वेबसाइट दाखवणार. मॅडम दाखवतील. अहवालात विभागाबद्दल चार शब्द बरे आले, तर यांचा पुढचा आदेश मी वरून काढून आणीन. नाही आले तर माझ्या हातात काही नाही."

मॅडम मला म्हणाल्या, "भाऊ, ऐकलं ना? मजकूर मी देते. पण मला आता किडीच्या सर्वेक्षणाला गावोगाव जावं लागणार आहे. समितीच्या आदल्या दिवशी येते. तोवर जागा सोडून ठेवा."

"काही काळजी करू नका मॅडम," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली मोठमोठी संकटं याच वाक्याने सुरू झाली आहेत.

थीमसाठी पहिल्यांदा हवा होता एक मोठा फोटो. पान उघडलं की डोळ्यांत भरेल असा. विभागाचं मुख्य काम कपाशीवरचं, म्हणून कापसाचा. मी आणि दोस्त त्याच्या लुनावर बसून जानेफळच्या रस्त्याला लागलो. दिवाळी तोंडावर आलेली, दुपार कलती. दोन्हीकडे वावरं. पण ज्याला थांबून पाहावं असं काही दिसेना. हिरवं झाड, पांढरा कापूस. दोस्त म्हणाला, "ये तो मैंने हजार बार दीवार पे बनाया है."

आणि मग एका वळणानंतर ते वावर आलं. अख्खं वावर लाल. तांब्याच्या घागरीवर ऊन पडल्यासारखं. कडेची पानं जांभळी, मधली शेंदरी, आणि त्यात मधूनमधून कापसाचे पांढरे ठिपके. दोस्ताने लुना सोडून दिली म्हणा ना, ती आपली आपण बाभळीला टेकली. "या अल्लाह," तो म्हणाला, "क्या कलर है!"

इथे खुलासा करायला हवा. मी पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा. कापूस मी गादीत पाहिलेला आणि समईत पाहिलेला. दोस्ताने भिंतींवर शेकडो पऱ्हाट्या काढल्या होत्या, पण कंपनीच्या पैशाने काढलेली पऱ्हाटी कधी आजारी पडत नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही शेंबड्या पोराला जे दिसलं असतं ते न दिसणारी दोनच माणसं जिल्ह्यात असतील, तर ती त्या दिवशी एकाच लुनावर होती.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक म्हातारे बाप्पा बसलेले होते. वावर त्यांचं. आम्ही वाकून, झोपून, बाभळीवर चढून फोटो काढताना त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पीकइम्यावाले हा काय बाप्पा?"

"नाही नाही. कालेजाची वेबसाइट करून राह्यलो."

"मंग याचा फोटू काहाले काढता?"

"लय सुंदर दिसते बाबा," दोस्त म्हणाला.

बाप्पांनी एकदा वावराकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. "सुंदर दिसते?" ते हळूच म्हणाले. मग काय वाटलं कोण जाणे, हसले. "दिसत असन. काढा. बियाणं महाग घेतलं, रंग तं फुकटात भेटला. पन कालेजात जाता ना? मंग मोठ्या साहेबाले दाखवजा, अन् काय करू ते इचारजा."

"हाव, हाव," मी म्हणालो. मला वाटलं, म्हाताऱ्याला फोटो विकायचा असेल.

दुकानात येऊन मी त्या फोटोतले रंग उचलले. वरची पट्टी जांभळट तांबडी, बटणं तांब्याची, दुवे शेंदरी. दोस्त म्हणाला, "एकदम रॉयल." मलाही वाटलं की आजवरच्या सगळ्या थीममध्ये हीच खरी आपली. ढेकळावरून जुळवलेली नाही, गाईच्या शेपटीवर टांगलेली नाही, वावरातून उचललेली.

आता मजकुराची रिकामी जागा. वेबसाइट करणारे लोक मजकूर यायच्या आधी पान भरलेलं दिसावं म्हणून एक ठरीव लॅटिन उतारा टाकतात. त्याला अर्थ नसतो. शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्याने सदरा घालावा तसं. मी तो उतारा 'कपाशी: लक्षणे व उपाय' या पानावर भरला आणि पेहराव दाखवायला सरांकडे गेलो.

सरांच्या खोलीतला मॉनिटर इतका जुना होता की त्यावर सगळं जग कावीळ झाल्यासारखं दिसायचं. माझा लाल फोटो त्यावर पिकलेल्या गव्हासारखा दिसला. सर म्हणाले, "ठीक आहे." मग चष्मा वर सारून ते लॅटिन पान वाचू लागले. मी सांगणार होतो की सर, हे नुसतं भरताड आहे. पण त्यांनी इतकं गंभीरपणे वाचायला घेतलं की मला बोलवेना. ओठ हलत होते. एका ठिकाणी थांबून त्यांनी मान डोलावली. शेवटी म्हणाले, "शुद्ध आहे ना हे?"

"हो सर. एकदम शुद्ध."

"मॅडमनी दिलं?"

आता खरं बोलायची संधी पुन्हा आली होती. मी म्हणालो, "मॅडम गावाला गेल्यात सर." जे प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण खोटंही नव्हतं.

सर एकदम चिडले. "पण हे सरळ अक्षरात काय छापलंस? अरे बाबा, रोगजंतूंची, वनस्पतींची लॅटिन नावं तिरप्या अक्षरात लिहायची असतात, एवढंही ठाऊक नाही? समितीसमोर नाक कापलं जाईल माझं!"

मी तिथेच बसून सगळाच्या सगळा उतारा तिरपा केला. सरांनी पुन्हा पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "आता दिसतंय शास्त्रीय."

त्या इमारतीत दारावर लॅटिन, कपाटांवर लॅटिन, बाहेर कडुनिंबाला ठोकलेल्या पत्र्यावरही लॅटिन. तिथे एक पानभर लॅटिन कुणाला खटकावं? जीवशास्त्रातला एकही माणूस 'मला कळलं नाही' म्हणणार नव्हता, आणि मी तर नव्हतोच. उलट मी घरी येताना असा विचार केला की सरांनी मंजूर केलंय म्हणजे त्या उताऱ्याला काहीतरी अर्थ असणारच, आपल्यालाच इतके दिवस माहीत नव्हतं.

आदल्या दिवशी मॅडम येणार होत्या. लोणारजवळ एसटी बंद पडली आणि त्या दुसऱ्या दिवशी सकाळी थेट सभागृहात आल्या. चपलांना चिखल, खांद्याला पिशवी, पिशवीत कपाशीची फांदी. पडद्यावर माझी थीम झळकत होती. नव्या प्रोजेक्टरवर ते वावर असं पेटलं होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

मॅडम पाहतच राहिल्या.

"भाऊ, हा फोटो कुठला?"

"जानेफळच्या रस्त्यावरचा. कसा आलाय?"

"लाल्या आलाय," त्या म्हणाल्या.

"लाल तर आहेच मॅडम, पण सूर्यास्त—"

"भाऊ, लाल्या म्हणतात याला! विकृती आहे ही. पीक गेलंय त्या माणसाचं." त्यांचा आवाज दबलेला होता, पण मला तो अजून ऐकू येतो. "रोगशास्त्र विभागाच्या कपाळावर तुम्ही लाल्या लावलाय? आणि बटणंसुद्धा त्याच रंगाची?"

मला धुऱ्यावरचे बाप्पा आठवले. ते हसले होते ते का, हे तेव्हा कुठे उमगलं. काय करू ते विचारून या म्हणाले होते.

"मजकूर?" मॅडमनी विचारलं. "मजकुराची जागा रिकामी आहे ना? निदान तेवढी तरी?"

मी उत्तर देण्याआधी समिती आत आली.

समितीचे अध्यक्ष कोकणातले, नारळाचे मोठे जाणकार. गोरेपान, हसरे. खुर्चीत बसता बसताच पडद्याकडे पाहून म्हणाले, "वा वा वा! काय रंग आहे हो! आमच्याकडे हे भाग्य नाही. कुठला वाण हा?"

मागे बसलेले मृदाशास्त्रवाले रुमालात तोंड खुपसून हलत होते. पशुसंवर्धनवाले छताकडे पाहत होते. त्या खोलीत नारळवाले साहेब सोडले तर लाल्या न ओळखणारा मी एकटाच होतो, आणि मलाही आता कळलं होतं. सर मॅडमच्या शेजारी सरकले आणि ओठ न हलवता पुटपुटले, "सांगा काहीतरी वाणाचं नाव. जाऊ दे पुढे."

मी मॅडमकडे पाहिलं. एक नाव सांगितलं असतं की सुटल्या असत्या. नारळवाले साहेब खूश, अहवाल खूश, आदेश हातात. त्यांनी पिशवीचा पट्टा घट्ट धरला होता.

"सर, वाण नाही," त्या म्हणाल्या. "हा लाल्या आहे. पीक बिघडलं की पानं अशी लाल होतात. यंदा आमच्या भागात बऱ्याच वावरांत हीच अवस्था आहे."

नारळवाल्यांचं हसू मावळलं. त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं, या वेळी वेगळ्या नजरेने. "अच्छा," ते म्हणाले. "मग शेतकऱ्याने काय करायचं? दाखवा, तुमच्या वेबसाइटवर काय सांगितलंय."

मॅडमनी मला खूण केली. मी 'लक्षणे व उपाय' या तांबड्या बटणावर टिचकी मारली.

पानभर लॅटिन. तिरपं.

अध्यक्षांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. "हे... शेतकऱ्यासाठी आहे?"

"शास्त्रीय मांडणी आहे साहेब," सर ठामपणे म्हणाले. मी डोळे मिटून घेतले.

"ते राहू दे. बंद करा तो पडदा," अध्यक्ष म्हणाले. "मॅडम, मी शेतकरी आहे असं समजा. माझं वावर असं झालंय. मला सांगा."

शिपाईमामांनी प्रोजेक्टरच्या भिंगापुढे एक फाइल उभी केली. पडदा अंधारला. आणि मॅडम बोलू लागल्या. आधी पुस्तकी बोलल्या, अडखळल्या. मग पिशवीतली फांदी बाहेर काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि ज्या भाषेत त्या मागचे कित्येक दिवस गावोगाव बोलून आल्या होत्या, तीच तोंडात आली.

माझ्यासमोर की-बोर्ड होता. मी ठरवून काही केलं असं सांगितलं तर ती थाप होईल. ठरवून मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही. कुणी सलग बोलू लागलं की माझी बोटं चालतात, एवढंच. ती वकीलसाहेबांची सवय. मी लॅटिन खोडलं आणि मॅडम बोलतील तसं त्या जागी उतरवत गेलो.

पाच-सात मिनिटं झाली असतील. मॅडम थांबल्या. अध्यक्ष म्हणाले, "हे इतकं सरळ सांगता येतं, तर वेबसाइटवर का नाही?"

मी म्हणालो, "आहे की साहेब." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मामा, फाइल काढा."

मामांनी फाइल काढली. मी पान ताजं केलं. पडद्यावर, लाल्याच्या लाल चौकटीत, मराठी होती. अध्यक्षांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली:

"घाबरू नका. लाल्या हा साथीचा रोग नाही, झाडाची उपासमार आहे. बोंडं भरायला लागली की झाड पानांतलं सत्त्व ओढून बोंडांना देते. आई लेकराले देते तसं. जमिनीत कमी असलं, रात्री थंडी वाढली, की पानं लाल पडतात. तुडतुडे असले तरी पडतात, म्हणून आधी पान उलटं करून पाहा. तुडतुडे नसतील तर कीटकनाशक मारून काही उपयोग नाही. दुकानदार म्हणाला म्हणून कोणतीही बाटली घेऊ नका. मॅग्नेशियम सल्फेट आणि युरिया यांची फवारणी किती आणि कशी, ते आमच्याकडे येऊन विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत. जी पानं पूर्ण लाल झाली ती परत हिरवी होणार नाहीत, खोटी आशा ठेवू नका. पण वरची हिरवी आहेत ती वाचतील. पुढच्या वर्षी पेरणीच्या वेळीच या. मॅडम, मुद्द्याचं बोला. मुद्द्याचंच बोलते आहे सर. चहा आनू का, म्याडम?"

अध्यक्ष थांबले. त्यांनी शेवटची ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. मग शिपाईमामांकडे पाहिलं.

"आना," ते म्हणाले. त्यांच्या कोकणी तोंडून ते 'आना' ऐकलं आणि मृदाशास्त्रवाल्यांना रुमाल पुरेना.

अहवाल आला. त्यात विभागाबद्दल चार शब्द होते, आणि ते बरे होते. शेतकऱ्यांना समजेल अशा बोलीत माहिती देणारा एकमेव विभाग, असं काहीसं. मॅडमचा आदेश निघाला. त्या पेढे घेऊन दुकानात आल्या तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, आता त्या दोन-तीन ओळी काढून टाकतो. मुद्द्याचं बोला, चहा वगैरे."

"सरांना विचारा," त्या हसत म्हणाल्या.

सरांना विचारलं. सर गंभीर झाले. "समितीनं पाहिलेला मजकूर आहे तो. आता त्यातलं एक अक्षरही हलवायचं नाही." मग चष्मा वर सारून म्हणाले, "तिरपं मात्र करता येईल."

त्याच अहवालात आणखी एक वाक्य होतं. सर्व विभागांच्या वेबसाइटी अशाच सुबोध आणि एकसारख्या असाव्यात. 'सुबोध' कसं करायचं ते वर कुणाला कळलं नाही, 'एकसारख्या' मात्र लगेच कळलं. एका मोठ्या शहरातल्या कंपनीला काम गेलं आणि सगळ्या विभागांवर एकच निळी थीम चढली. माती गेली, संत्री गेली, गाय गेली, शेपटीसुद्धा गेली. आमच्या स्टुडिओची सगळी कामगिरी एका दुपारी पुसली गेली. दोस्त म्हणाला, "दीवार अच्छी थी बे. चुना मारला तरी दोन-तीन पावसाळ्यानं खालचं पुन्हा वर येते."

पण त्याआधी मी एक काम केलं होतं. त्या पानाची रंगीत प्रत काढली, माझ्याच दुकानात लॅमिनेट केली, आणि लुनावरून जानेफळच्या रस्त्याला गेलो. बाप्पा धुऱ्यावरच होते. वावर आता विटकरी झालं होतं.

"घ्या बाप्पा. तुमच्या वावराचा फोटो. अन् काय करायचं तेही खाली हाय. मोठ्या साहेबानं नाही सांगितलं, एका मॅडमनं सांगितलं."

त्यांनी सावकाश, बोट फिरवत सगळं वाचलं. शेवटच्या ओळीशी आल्यावर माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "यंदा तं उशीर झाला. पन ठिवतो. म्या एकट्यानं ठिवून काय करू, गावाले दाखवतो."

मध्ये बरीच वर्षं गेली. मॅडम पुढे एका दुसऱ्या केंद्रावर कायम झाल्या. माझ्या दुकानाच्या पाटीवरचं 'वेबसाइट' उन्हाने उडालं आणि मी ते पुन्हा रंगवून घेतलं नाही. आता आम्ही मोठे बॅनर छापतो, वाढदिवसांचे. परवा एका बॅनरची मापं घ्यायला जानेफळला गेलो होतो. कुंड्यांसाठी थोडं खत घ्यावं म्हणून एका कृषी केंद्रात शिरलो, तर आतल्या काचेवर ते पान.

लाल रंग उडून गुलाबी झालेला. लॅमिनेशनचे कोपरे सुटलेले. आणि बरोबर मधोमध, दुकानदार-बाटली या ओळीवर, कुठल्याशा बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं. मी उभा असतानाच एक गिऱ्हाईक आलं, त्याने सवयीने कॅलेंडर उचललं, ओळ वाचली, कॅलेंडर सोडलं आणि मॅग्नेशियम सल्फेट मागितलं.

मी दुकानदाराला विचारलं, "हे कोणी लावलं हो?"

"एक बाप्पा व्हते, त्याइनं. आता नाही राह्यले ते."

"मग तुम्ही काढत काऊन नाही? तुमच्याच धंद्याच्या मुळावर हाय हे."

"कसं काढू साहेब?" तो कळवळून म्हणाला. "विद्यापीठाचं हाय. काढलं तं सारं गाव म्हनन, दुकानदार भेला. पाहा ना तुम्हीच, काय लिहून ठिवलं. आधी म्हनते दुकानदाराची बाटली घेऊ नका, अन् खालून म्हनते चहा आनू का. जो वाचते तो मलेच म्हनते, बोलाव सेठ चहा, विद्यापीठानं सांगतलं."

मी फोटो काढून मॅडमना पाठवला. मग स्टुलावर बसलो, कॅलेंडर उचलून सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही बी?" तो म्हणाला, आणि बाहेर तोंड काढून दोन कट चहा सांगितले.